परसातले नवे बिऱ्हाड

या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात, त्यांतली निम्मी कुंड्यांतल्या मातीबद्दल आणि उरलेली कढीपत्त्यावरच्या अळ्यांबद्दल असतात. मात्र अलीकडे एक निराळी तक्रार पुनःपुन्हा येऊ लागली आहे आणि ती बहुधा एकाच साच्याची असते. कोणी हौसेने मधपेटी विकत आणली, तीत माशा भरून घेतल्या, घरातल्या मुलांनी राणीचे बारसेही उरकून टाकले. आणि आठव्या-दहाव्या दिवशी संध्याकाळी पाहतात तो पेटी रिकामी! एक माशी नाही. मेलेलीसुद्धा नाही. "भाडे बुडवून बिऱ्हाड रातोरात उठून गेले," असे एका आजोबांनी लिहिले आहे, आणि पुढे विचारले आहे की, पेटीवाल्याने फसवले की माशाच नाठाळ निघाल्या?

आजोबा, दोन्ही नाही. आणि रातोरातही नव्हे. मधमाशा घर सोडतात त्या भर दिवसा, चांगले ऊन चढल्यावर, आणि सगळ्या मिळून. त्या वेळी कोणी परसात असते तर त्याला ती मिरवणूक दिसली असती. आपण गाय पाळतो तेव्हा दावे असते, कुत्र्याला साखळी असते, पोपटाला पिंजरा असतो. मधमाशीला यांतले काहीच लावता येत नाही. तिच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे. परत यावेसे वाटले तरच ती येते. म्हणून वसाहत पेटीत घालणे हे एका संध्याकाळचे काम असले, तरी ती तिथे टिकवणे हे त्यापुढच्या पंधरवड्याचे काम आहे. आणि गंमत अशी की, ते बव्हंशी हात आवरून बसण्याचे काम आहे. हौशी मंडळींना नेमके तेच जमत नाही.

दिवाळी ही या उद्योगाला उत्तम वेळ. पावसाळाभर माशांची उपासमार झालेली असते. आता हवा कोरडी होते, रानात आणि परसात फुलोरा येऊ लागतो, आणि पुढे वैशाखापर्यंत काही ना काही फुलत राहते. नव्याने घर मांडणाऱ्याला भरला बाजार जवळ असावा, तसेच हे.

प्रथम माशी कोणती, ते ठरवू. उंच झाडावर, कड्यावर किंवा हल्ली बाराव्या मजल्याच्या गॅलरीखाली परातीएवढे पोळे लोंबते, ती आग्या. ती उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते आणि हंगाम बदलला की मुलूख बदलते. तिला पेटीत कोंडता येत नाही, आणि ती खवळली तर माणसाच्या जिवावर बेतते. तेव्हा तिच्या वाटेस जाऊ नये. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे करते ती फुलोरी, तीही उघड्यावरचीच. सातेरीचे मात्र तसे नाही. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत, म्हणजे अंधारात राहते आणि एकीशेजारी एक अशी सहा-आठ पोळी टांगते. पेटी म्हणजे दुसरे काय? सुबक केलेली ढोली. म्हणून सातेरी तीत राहू शकते, आग्या राहू शकत नाही.

पेटीत राहणारी दुसरी माशी म्हणजे बाहेरून आलेली मेलिफेरा. लोक तिला इटालियन म्हणतात. १९६० नंतरच्या काही वर्षांत ती पंजाब-हिमाचलात रुजली आणि मग देशभर पसरली. मध ती सातेरीच्या कितीतरी पट देते, पण तिचा खाण्याचा खर्चही तसाच. तिला फुलांचा अखंड पुरवठा लागतो, म्हणून तिचे मालक पेट्या ट्रकमध्ये घालून आज मोहरीच्या शेतात तर उद्या सूर्यफुलाच्या, असे हिंडत असतात. शिवाय तिच्यावर वरोआ नावाची तांबूस गोचिडी पडते. ही गोचिडी मुळात सातेरीवरची. पण सातेरीचा तिच्याशी फार जुना परिचय. सातेरी माशा आपल्या आणि एकमेकींच्या अंगावरून ती वेचून काढतात. पाहुण्या माशीला ती विद्या पुरती अवगत नाही, आणि मग मालकाला औषधांची बाटली घेऊन बसावे लागते. बंगलीच्या मागे एकच पेटी ठेवणाऱ्याने सातेरीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती काटक आहे, अल्पसंतुष्ट आहे, इथलीच आहे. तिचा दोष एकच, रुसून निघून जाण्याचा. आणि त्या रुसव्याची कारणे जर आपल्याला कळली, तर तो तितकासा दोषही वाटत नाही.

पेटीविषयी थोडक्यात सांगतो. पूर्वी पोकळीतला मध काढायचा म्हणजे पोळी कापावी लागत. मधाबरोबर पिलेही जात आणि वसाहत बुडे. १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. माशा आपल्या घरात सुमारे तीन-अष्टमांश इंचाची फट ये-जा करण्यासाठी मोकळी सोडतात. फट त्याहून लहान असली तर त्या ती डिंकाने बुजवतात, मोठी असली तर तीत जादा पोळे बांधतात. एवढ्या एका मापावर त्याने अशी पेटी केली की तीतली प्रत्येक चौकट पुस्तकाच्या पानासारखी वेगळी उचलता यावी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडे न्यूटन नावाच्या पाद्र्याने आपल्या लहानखुऱ्या माशीला बेताची अशी छोटी पेटी घडवली. सातेरीची फट थोडी अरुंद, सात-आठ मिलिमीटरांची. हे सगळे सांगण्याचे कारण असे की, घरच्या सुताराकडून अदमासाने पेटी करून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. सुतार कसबी असेल, पण दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की महिन्याभरात सगळ्या चौकटी एकमेकींना चिकटून बसतात. प्रमाण मापाची तयार पेटी आणावी. आतून रंग, व्हार्निश काही लावू नये. आठवडाभर उन्हात ठेवून लाकडाचा वास जाऊ द्यावा आणि मिळाल्यास जुने मेण आतून चोळावे.

आता वसाहत आणायची कुठून? भिंतीतले किंवा झाडातले मोहोळ स्वतः काढण्याच्या भरीस नवख्याने पडू नये. अनुभवी मधपाळ ते काम पाहण्यासारखे करतात. संध्याकाळी थोडा धूर देऊन ते एकेक पोळे अलगद कापतात, पिलांचा भाग रिकाम्या चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधतात, वरची बाजू वरच राहील याची काळजी घेतात, आणि राणीला लहानशा जाळीच्या पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवतात. राणी गेली की तिच्यामागे सगळा लवाजमा आपसूक पेटीत शिरतो. पण त्या पुंजक्यातून राणी नेमकी ओळखणे हा वर्षानुवर्षांच्या सरावाचा भाग. आपण सरळ मधपाळाकडून चार-पाच चौकटींची बसलेली वसाहत घ्यावी. पुण्यात १९६२ साली सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. अशा ठिकाणी चौकशी केली म्हणजे खात्रीचा मधपाळ आणि दोन-चार दिवसांचे शिक्षण, दोन्ही गाठीला पडते. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. थंड हवा खायला जाता तेव्हा स्ट्रॉबेरीबरोबर तेवढेही पाहून यावे. मुलांना पेटी उघडलेली एकदा तरी दुसऱ्याच्या घरी पाहू द्यावी, म्हणजे आपल्या घरी उघडण्याची घाई कमी होते.

वसाहत घेताना दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. एक, पिले निरोगी आहेत ना? १९९१-९२ साली दक्षिणेत 'थाई सॅकब्रूड' नावाचा विषाणूरोग आला आणि त्याने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती धुऊन नेल्या. पुष्कळ मधपाळांचा धंदाच बसला. या रोगात अळी घरातच मरून पाण्याच्या पिशवीसारखी होते आणि तोंड वर करून पडते. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी आणि वळून निजलेली असते. असा फरक एकदा दाखवून घेतला की विसरत नाही.

दुसरी गोष्ट या साऱ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची. निदान दोन-तीन चौकटींवर अंडी, अळ्या, बंद झाकणांची पिले अशी सर्व वयांची बाळे असलीच पाहिजेत. नुसता माशांचा थवा पकडून रिकाम्या पेटीत ओतणे म्हणजे धर्मशाळेत वऱ्हाड उतरवणे. जेवले, झोपले, सकाळी पुढच्या गावाला. पण पाळणा हलत असलेले घर सोडून माशा सहसा जात नाहीत. अंड्यातून तीन दिवसांत अळी निघते, तिला सतत भरवावे लागते, मग घर मेणाने बंद करून ऊब राखावी लागते. पिलांच्या भागात माशा चौतीस-पस्तीस अंश उष्णता थंडीवाऱ्यातही कायम ठेवतात. अंड्यापासून नवी माशी बाहेर पडेपर्यंत जवळजवळ तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस वसाहतीचा पाय आपल्या परसात बांधलेला असतो. दावे नाही, साखळी नाही, असे मी वर म्हटले खरे. पण पिले हीच साखळी. आजोबांनी आपल्या पेटीची जी हकिगत लिहिली आहे, तीत 'पेटीवाल्याने बादलीतून माशा ओतल्या' असे वाक्य आहे. एका वाक्यात सगळा उलगडा झाला.

जागा आधीच पक्की करावी, कारण एकदा माशांनी ती पाठ केली की पेटी चार हातसुद्धा हलवता येत नाही. परतणारी माशी जुन्या जागी येऊन हवेत घिरट्या घालत राहते. सकाळचे कोवळे ऊन दारावर यावे, दुपारी झाडाची सावली असावी, आणि तोंड पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावे. चौथरा किंवा चार पायांची तिवई कमरेइतकी उंच असावी, आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत. ही वाटी म्हणजे शोभा नव्हे. एका रात्रीत मुंग्यांची रांग पेटीत शिरली तर दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी झालीच म्हणून समजावे. वाटीतले पाणी आटले, किंवा वाळलेले पान पडून पूल झाला, की मुंग्यांना तेवढे पुरते. घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाकडे या चार वाट्यांचे खाते सोपवून द्यावे.

शेजाऱ्यांचा प्रश्न फार थोडे लोक आधी विचारात घेतात. पेटीच्या दारासमोर पाच-सहा फुटांवर उंच कुंपण किंवा वेलीचा मांडव असला, म्हणजे माशा बाहेर पडल्याबरोबर उंच चढतात आणि माणसांच्या डोक्यावरून जातात. शेजारच्या काकूंचे वाळवणाचे अंगण त्यांच्या वाटेत येत नाही. तरीही पेटी येण्यापूर्वी काकूंना जाऊन सांगावे, आणि त्यांच्या घरी कोणाला माशी-गांधीलमाशीच्या डंखाने पूर्वी काही गंभीर त्रास झाला आहे का, हेही विचारावे. तसे असेल तर पेटीचा बेत रहित करावा. मधाच्या बाटलीसाठी कोणाच्या जिवाशी खेळ नको. आपल्या घरच्यांबद्दलही हेच.

एवढी तयारी झाली की एखादी निवांत संध्याकाळ निवडावी. लक्ष्मीपूजनाची नव्हे! फटाक्यांचा धूर आणि दणका यांत कोणीही नवे घर मांडत नाही. भाऊबीज उरकली, पाहुणे गेले, गल्ली शांत झाली की मग. मधपाळ दिवस मावळताना आपल्या पेटीचे दार जाळीने बंद करतो, कारण तोवर सगळ्या माशा घरी परतलेल्या असतात. मग प्रवास रात्रीच्या गारव्यात. रस्त्यात पेटी कलू देऊ नये. पोळी ज्या दिशेने टांगलेली असतात तीच गाडीची दिशा ठेवावी, म्हणजे गचके बसले तरी पोळी एकमेकींवर आपटत नाहीत.

वसाहत मधपाळाच्या छोट्या पेटीतून आली असेल तर ती छोटी पेटी ठरलेल्या जागी ठेवून अर्धा तास शांत होऊ द्यावी. चौकटी मोठ्या पेटीत घालण्याचे काम दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर करावे. अंगावर फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर जाळी. अत्तर, केसांना वासाचे तेल, काही नको. आणि हसू नका, पण त्या दिवशी दुपारी केळीही खाऊ नका. माशी डंख मारते तेव्हा संकटाची वर्दी म्हणून जे द्रव्य सोडते, त्याला पिकल्या केळ्याचा वास असतो, आणि तो आला की बाकीच्या सावध होतात. धुराचा उपयोगही यातच आहे. नारळाच्या काथ्याचा किंवा गोणपाटाच्या चिंध्यांचा थंड पांढरा धूर दाराशी दोनदा फुंकला की ही वर्दी एकीकडून दुसरीकडे पोचत नाही, आणि आग लागली की काय या शंकेने माशा मध पिऊन घेतात. पोट भरलेली माशी, माणसाप्रमाणेच, भांडायला नाखूश असते. धूर दोनदाच. होळी करायची नाही.

चौकटी एकेक करून, ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने नव्या पेटीत मधोमध ठेवाव्यात. क्रम बदलला तर पिलांच्या मधोमध मधाची भिंत उभी राहते आणि ऊब मोडते. दोन्ही बाजूंना रिकाम्या चौकटी. जुन्या पेटीत उरलेल्या माशा हलक्या हाताने झटकून घ्याव्यात. राणी कुठल्या चौकटीवर आहे ते मधपाळाने पाहून सांगितले तर उत्तमच, पण ती शोधण्यासाठी चौकटी उलटसुलट करू नयेत. झाकण लावावे, छोटी पेटी जागेवरून हलवावी, आणि तिच्या जागी, तिच्याच दिशेने तोंड करून नवी ठेवावी. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांचा.

दारावर राणीला बाहेर पडता येऊ नये म्हणून बारीक फटींचा पत्रा लावण्याची पद्धत आहे. त्या फटींतून कामकरी माशा जातात, राणी अडते, आणि राणीवाचून वसाहत हलत नाही. पहिले चार-पाच दिवस तो जरूर लावावा. मात्र राणी मीलन झालेली, अंडी घालणारी असली पाहिजे. कोऱ्या राणीला मीलनासाठी आकाशात जावेच लागते. तिला पत्र्याने अडवले तर ती जन्मभर वांझ राहील आणि वसाहत बुडेल. म्हणून अंडी पाहिल्याशिवाय हा पत्रा लावू नये. आणि चार-पाच दिवसांनी तो काढायचा आहे हे भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावे, कारण लावणे लक्षात राहते, काढणे राहत नाही.

पहिल्या रात्री खाऊ द्यावा. साखर आणि पाणी वजनाने समसमान, पाणी उकळून कोमट झाल्यावर साखर विरघळवावी, आणि तो पाक पेटीच्या आत, संध्याकाळी ठेवावा. वाटीत गवताच्या काड्या टाकाव्यात, नाहीतर माशा बुडतात. आजी म्हणतील, साखरेपेक्षा गूळ बरा. माणसाला बरा असेल. माशांना गुळाने हगवण लागते. बाजारातला मधही घालू नये, त्यातून रोग येतात. पाक बाहेर सांडू नये, त्याने मुंग्या तर येतातच, पण आजूबाजूच्या वसाहतींतल्या माशाही लुटालूट करायला येतात, आणि नवी, दुबळी वसाहत ती झेलू शकत नाही.

दुसऱ्या दिवसापासूनची गंमत पेटीच्या बाहेरच आहे. सकाळी आठच्या सुमारास चहाचा कप घेऊन पेटीच्या बाजूला, समोर नव्हे, बसावे. माशा दारातून बाहेर पडतील आणि सरळ निघून न जाता पेटीकडेच तोंड करून हवेत डुलतील. आधी वीतभर अंतरावर, मग हातभर, मग मोठी गोल घिरटी. नव्या बिऱ्हाडकरूने जिन्याखाली उभे राहून दोनदा खोलीच्या नंबराकडे पाहून घ्यावे, तसे त्या घराची खूण पटवून घेत असतात. मुलांना हे दाखवावे. त्या वेळी दारासमोर टॉवेल वाळत घालू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी परतणाऱ्या माशांचे पाय पाहावेत. मागच्या पायांवर पिवळ्या, केशरी, क्वचित राखाडी गोळ्या दिसतील. तो पराग. मध हे घरातल्या मोठ्यांचे अन्न. पराग लागतो तो मुख्यतः पिलांसाठी. म्हणून पराग येत आहे याचा अर्थ घरात बाळे आहेत, राणी कामाला लागली आहे, मंडळींचा इथे राहण्याचा विचार आहे. झाकण न उघडता आतली वार्ता सांगणारे हे पत्रच म्हणा ना. परागाची ये-जा आठवडाभर मंदावत गेली, आसपास फुले असूनही थांबली, तर समजावे की बांधाबांध सुरू झाली. कारण माशा एका दिवसात रुसत नाहीत. राणी अंडी घालणे कमी करते, असलेली पिले मोठी होऊन बाहेर पडतात, साठा पोटात जातो, पाळणे रिकामे होतात, आणि मग एके दिवशी ऊन चढल्यावर सगळा परिवार उठतो. आजोबांना जे अचानक वाटले त्याची सूचना दारावर आधी आलेली असते, हे पुढच्या खेपेला त्यांनी पाहावे. अशा वेळी मुंग्या, मेणकिडा, दुपारचे ऊन, उपासमार यांतले काय घडते आहे ते शोधून दूर करावे, पाक द्यावा, आणि मधपाळाकडून ताज्या अंड्या-अळ्यांची एक चौकट मागून आत घालावी. दुसऱ्यांची बाळे असली तरी माशा ती वाढवतात.

पहिले झाकण सातव्या दिवशी उघडावे, त्याआधी नाही. यावरून घरोघरी तंटा होतो हे मला ठाऊक आहे. कोणाला तरी तिसऱ्या दिवशी "नुसते डोकावून" पाहायचे असते. दर वेळी डोकावल्याने आतली ऊब जाते, जोडलेले मेण तुटते आणि भीती बसते. सातव्या दिवशीही एकच गोष्ट पाहायची: मधल्या चौकटीवर, घराच्या तळाशी, बारीक पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे उभे अंडे. ते दिसले म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती. राणी दिसली नाही तरी चालेल. झाकण लावून टाकावे. पुढे दहा-बारा दिवसांनी एकदा पाहणे पुरे, आणि त्या वेळी तळाची फळी खरवडून काढावी, कारण मेणकिडा तिथल्याच कचऱ्यात वाढतो.

डंख बसणारच, त्याची तयारी असावी. काटा कसा काढता याला फारसे महत्त्व नाही, किती लवकर काढता याला आहे. नखाने, चिमटीने, कशानेही, पण ताबडतोब. जागा सुजते, खाजते, दोन दिवसांत बसते. मात्र डंख एकीकडे आणि गांध्या सर्व अंगावर उठल्या, ओठ सुजले, दम लागला, भोवळ आली, तर हळद-चुना करत न बसता त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.

राहता राहिला चारा. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या टापूत हिंडते, तेव्हा आपली चार तुळशीची रोपे तिला पुरणार नाहीत, पण आळीभर शेवगा, लिंबू, नारळ, करंज, जांभूळ असतील तर बरे चालते. थोडे इथून, थोडे तिथून मागून आणायचे, कोणा एकाला भार व्हायचे नाही. गरीब विद्यार्थ्यांच्या माधुकरीला नाव दिले ते उगाच नाही. पाणी मात्र घरचे हवे. उथळ ताटलीत खडे घालून रोज ताजे पाणी ठेवावे, नाहीतर माशा शेजारच्या मोरीवर जातात आणि काकूंची तक्रार येते. परसात कीटकनाशक फवारू नये. डासांच्या धूरफवारणीची गाडी येण्याची वेळ ठाऊक असेल, तर अंधार पडल्यावर माशा आत गेल्या की तासभर दाराला जाळी लावून पेटीवर ओले कापड टाकावे, आणि गाडी गेली की आठवणीने काढावे.

मधाचे काय, हा प्रश्न आतापर्यंत तुम्ही सभ्यपणे दाबून ठेवला असेल. खालचा खण पिलांचा. त्याला हात लावायचा नाही. तो माशांनी गच्च भरला की माघ-फाल्गुनाच्या सुमारास वरचा खण चढवावा. त्यातल्या ज्या चौकटींची घरे मेणाने झाकून बंद झाली असतील, त्याच काढाव्यात, आणि फिरत्या यंत्रात मध काढून रिकामी पोळी परत द्यावीत. चांगल्या वर्षी एका पेटीतून पाच-सात किलो, शहरात बहुधा त्याहून कमी. नवी वसाहत पहिल्या वर्षी एवढेही देईल असे धरू नये. मे महिन्यानंतर तर काहीच काढू नये. मृगाच्या सरी सुरू झाल्या की फुले झडतात, माशांना दिवस-दिवस घरात बसून काढावे लागतात, आणि तेव्हा आतला साठा हाच त्यांचा आधार. तो संपत आला असे पेटी एका बाजूने उचलून वजनावरून कळते. मग आठवड्यातून एकदा संध्याकाळी पाकाची वाटी, पेटीवर पत्र्याचे छप्पर, आणि पायाखालच्या चार वाट्या पाण्याने भरलेल्या. पावसात त्या आपोआप भरतील असे मानून मुलाने खाते सोडून देऊ नये, कारण छपराखालच्या वाटीत पाऊस पडत नाही.